शहापूर-मुरबाडच्या घरात रिव्हॉल्व्हर हवे का?

जमिनीचे चार पैसे हाती आले आहेत, घर वस्तीपासून जरा आडबाजूला आहे, रात्री वीज गेली की लांबपर्यंत दिवा दिसत नाही आणि सरकारी कारखान्यात तयार होणारे रिव्हॉल्व्हर आवाक्यातल्या किमतीत मिळते असे कानावर आले आहे. मग ते घ्यावे की नाही? शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न केवळ सराफ, पेट्रोल पंपांचे मालक आणि बिल्डर यांच्यापुरता उरलेला नाही. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या घरांतून तो निघतो, शेतघर बांधून इकडे राहायला आलेल्या निवृत्त जोडप्यांना पडतो, संध्याकाळी रोकड घेऊन घरी परतणाऱ्या भाताच्या व्यापाऱ्यालाही पडतो. विचारणारी माणसे गुंड नसतात. बायकोमुलांची काळजी असलेली, नाकासमोर चालणारी माणसे असतात. 'हे आपले काम नाही' असे म्हणून त्यांना वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही. माझे उत्तर आधीच सांगतो : घराच्या किंवा शेताच्या रक्षणासाठी पॉइंट २२ चे स्वस्त रिव्हॉल्व्हर घेऊ नये. पण कारणे सांगितल्याशिवाय या उत्तराला किंमत नाही.

शस्त्राची ओढ आपल्याकडे उगाच आलेली नाही. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याला बांधले आणि गोऱ्यांना सूट ठेवली. तो अपमान राष्ट्रीय चळवळीच्या मनात सलत राहिला. १९३१ साली कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. मुरबाडला तर हा इतिहास परका नाही. मुंबईची वीज तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ माणसे आजही सिद्धगडाला जातात. पुढे राज्यघटना झाली तेव्हा शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत आला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने सरसकट बंदीही घातली नाही आणि मोकळीकही दिली नाही. 'कशासाठी हवे ते सांगा' एवढी एकच अट मध्यभागी ठेवली. भाई कोतवालांच्या साथीदारांना आपण शस्त्र कशासाठी उचलले हे स्वच्छ माहीत होते. आज रिव्हॉल्व्हर घेऊ पाहणाऱ्यालाही ते सांगता आले पाहिजे. निदान स्वतःला तरी.

आता ते रिव्हॉल्व्हर पाहू. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. सामान्य माणसाला ती झेपणारी नव्हती. पुढे बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने 'निडर' आणले : पॉइंट २२ चे, जेमतेम पाव किलोचे, जाहीर झाले तेव्हा पस्तीस हजारांच्या घरातले. किंमत एकतृतीयांशाहून कमी, वजन निम्मे, धक्का नावापुरता. पहिल्यांदा शस्त्र घेणाऱ्याला ते आकर्षक वाटणारच. त्यावर कर धरावा लागतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तरीही हा हिशेब ३२ बोअरपेक्षा पुष्कळ खालीच राहतो.

हे शस्त्र स्वस्त का, हे त्याचे काडतूस तळहातावर घेतले की कळते. लांबी अडीच सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीहून कमी. बारा बोअरच्या किंवा ३२ बोअरच्या काडतुसाचे बूड पाहिले तर मधोमध एक छोटी टोपी दिसते. ठिणगी देणारा मसाला त्या टोपीत असतो आणि घोड्याची सुई तिच्यावरच बसते. पॉइंट २२ च्या बुडाला टोपी नसते. तिथे नुसते सपाट पितळ असते आणि भोवती बाहेर आलेली कड. ही कड आतून पोकळ असून मसाला तिच्यात फिरवून भरलेला असतो. सुई कडेवर आपटते, पितळ चेपते, मसाला पेटतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी ही युक्ती काढली आणि १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचे पहिले रिव्हॉल्व्हर याच जातीच्या काडतुसावर उभे राहिले. रचना सोपी म्हणून काडतूस स्वस्त, आणि काडतूस स्वस्त म्हणून जगभर नेमबाजीचा सराव त्याच्यावर चालतो.

याच रचनेतून त्याच्या मर्यादाही येतात. कड चेपली गेली पाहिजे म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि सुई नेमकी रिकाम्या जागी बसली, तर बार फुसका जातो. चांगल्या कंपनीच्या काडतुसांत हे क्वचित घडते, पण टोपीवाल्या काडतुसापेक्षा जास्त घडते. आमच्याकडचा पावसाळा चार महिने कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी आणतो. त्या दमटपणात वर्षानुवर्षे ठेवलेल्या काडतुसांवर जीव टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे : बार फुसका गेला तर चाप पुन्हा ओढायचा, चक्री फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात अडकलेले काडतूस काढत बसावे लागते, तसे इथे होत नाही.

आता ताकदीचे बोलू. पॉइंट २२ ची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची. लांब नळीच्या रायफलीतून ती चांगला वेग घेते, पण खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या दोन इंची नळीत तिला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. नळीतून बाहेर पडताना तिच्यात साधारण १०० जूल ऊर्जा असते. ३२ बोअरमध्ये दीडशेच्या आसपास, तर बारा बोअरच्या छऱ्याच्या काडतुसात दोन हजारांच्या पुढे. याचा अर्थ पॉइंट २२ निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. ही गोळी माणसाचा जीव घेते आणि मोकळ्यावर एक-दीड किलोमीटरपर्यंत घातक राहू शकते. पण अंगावर धावून येणाऱ्याला जागच्या जागी थांबवेल, याची हमी तिच्यात नाही. जखमी माणूस तासाभराने दगावेल आणि त्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचलेलाही असेल. स्वसंरक्षणाच्या शस्त्रासाठी यापेक्षा वाईट गुणांची जोडी नाही : थांबवण्यात अपुरे, मारण्यात पुरेसे.

शस्त्राची ही ओळख झाली. आता आपले धोके मोजू, कारण खरेदीचा निर्णय धोक्यावरून व्हायला हवा.

शेतकऱ्याला विचाराल तर पहिला धोका रानडुकराचा. भात पोटरीत आले, दाणा भरू लागला की कळप रात्रीत वाफे लोळवून जातो. खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. माळ्यावर बसून डबे वाजवणे, फटाके फोडणे, बॅटरीचा झोत टाकणे हा आश्विनातला रोजचा जागर आहे. तिथे रिव्हॉल्व्हर कामाचे नाही. खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असलेल्या रानडुकराला खिशातल्या पॉइंट २२ ने मारणे म्हणजे त्याला जखमी करून रानात सोडणे. आणि पिसाळलेले जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईला गाठते. कायद्यानेही ते चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायलाही अधिकृत परवानगी लागते. बिबट्याच्या बाबतीत तर हा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडेच आहे. जिवावर बेतले असता सद्‌हेतूने केलेला बचाव गुन्हा ठरत नाही, एवढे त्याच कलमात आहे. पण बिबट्या झेपावला तेव्हा खिशातून काढून, नेम धरून, पॉइंट २२ ने त्याला थांबवणे ही कल्पना चित्रपटातच शोभते.

इथे शस्त्र कायद्याचे १३ वे कलम वाचण्यासारखे आहे. परवाना कोणाला द्यावा हे सांगताना ते शस्त्रांची नावे घेते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. तेवढ्याने भागणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची बंदूक. आणि पॉइंट २२ ची रायफल कोणासाठी? नेमबाजीच्या सरावासाठी, मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला. १९५९ साली हे कलम लिहिणाऱ्यांना कोणते शस्त्र कोणत्या कामाचे याची चांगली जाण होती. शेताला लांब नळी, सरावाला पॉइंट २२. खिशातल्या रिव्हॉल्व्हरला या यादीत जागा नाही. ते मागणाऱ्याला आपल्या जिवाला असलेला धोका वेगळा दाखवून द्यावा लागतो.

आमच्या भागात आणखी एक अट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आगाऊ संमती लागते. शहापुरात तानसा अभयारण्य आहे, मुरबाडच्या अंगाला भीमाशंकर आहे आणि घाटमाथ्यावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड. नकाशावर दहा किलोमीटरची रेघ मारून पाहिली की दोन्ही तालुक्यांतली कितीतरी गावे, वाड्या आणि शेतघरे तिच्या आत येतात. अभयारण्यात परवान्याचे शस्त्र घेऊन नुसते शिरायलाही लेखी परवानगी लागते. खर्डी भागातल्या ज्याच्या घरामागचे रान तानशाच्या हद्दीला लागते, त्याने ही गोष्ट पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावी.

दुसरा धोका चोर-दरोडेखोरांचा. हा खरा आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. टोकावडे ठाण्यातून माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावर किंवा किन्हवलीहून आतल्या वाडीवर पोलिसांची गाडी पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. कायदाही घरात शिरलेल्यासमोर माणसाला हात बांधून उभा करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी होत असेल तर बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो त्या हक्कात बसू शकतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही, हे न्यायालयात पटवून द्यावे लागते. पळत सुटलेल्याच्या पाठीत घातलेली गोळी बचाव ठरत नाही.

पण त्या रात्री प्रत्यक्षात काय घडेल, ते पावलापावलाने पाहू. पहाटे तीनची वेळ. कुत्रा भुंकतो. वीज नाही. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी परवाना घेताना लिहून दिलेली, म्हणून रिव्हॉल्व्हर कुलपात. किल्ली चाचपडून शोधायची. घरात नातवंडे आहेत म्हणून काडतुसे वेगळी ठेवलेली. ती अंधारात एकेक करून चक्रीत भरायची. पाव किलोच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड, नळी दोन इंची, तिच्या टोकाचा नेम अंधारात दिसत नाही, हाताला कापरे सुटलेले. समोर एक माणूस नसतो, टोळी असते. आणि आपल्या भागातली घरे कशी असतात? जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, पडव्या पत्र्याच्या, दोन खोल्यांमधला आडोसा प्लायवूडचा. चुकलेली गोळी कुडातून आरपार जाते आणि पलीकडे घरचेच कोणी झोपलेले असते. वर्षातून दहा वेळा रेंजवर जाऊन सराव करणाऱ्यालाही हा प्रसंग अवघड आहे. परवाना मिळाल्यावर एकदाही बार न काढलेल्याला तो अशक्य आहे.

तिसरा धोका सगळ्यांत मोठा, आणि शस्त्र घेताना त्याचाच विचार सगळ्यांत कमी होतो. तो बाहेरून येत नाही. बांधावरून, सातबाऱ्यावरून, वाटणीवरून, मोबदल्याच्या रकमेवरून पेटणारी भांडणे आपल्या भागात जमिनीच्या भावाबरोबर वाढली आहेत. महामार्गाचा पैसा आला त्या घरांत सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले. अशा भांडणात काठी निघते, कोयता निघतो, डोकी फुटतात, आणि बहुतेकदा माणसे दवाखान्यातून घरी परत येतात. त्या जागी भरलेले रिव्हॉल्व्हर असेल तर कोणी परत येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी, मुरबाडपासून फार लांब नसलेल्या उल्हासनगरात, जमिनीच्या वादातून चक्क पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि त्यात एका विद्यमान आमदाराला अटक झाली. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरमध्ये माजी नगरसेवकाची हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते, असे पोलिसांनी सांगितले. त्याच वर्षी जुलैत मुळशीत शेतकऱ्यांसमोर जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याचे दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शस्त्र घेण्याच्या दिवशी माणूस 'स्वसंरक्षण' हा शब्द मनापासून लिहितो. पण ते कपाटात वीस वर्षे राहते आणि त्या वीस वर्षांत माणसाला राग येतो, दारू पोटात जाते, मुलगा तापट निघतो, भाऊबंदकी विकोपाला जाते. अर्ज एका शांत दुपारी भरलेला असतो. शस्त्र मात्र त्यानंतरच्या प्रत्येक रात्री घरात असते.

चौथा धोका स्वतः शस्त्राचाच. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून घरीच गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली. कोणी शत्रू नव्हता, झटापट नव्हती. रिव्हॉल्व्हर ठेवताना पडले एवढेच. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची सुई भरलेल्या काडतुसावर टेकलेली असेल तर पडल्याच्या धक्क्यानेही बार उडू शकतो. जाणती माणसे म्हणूनच घोड्याखालचे घर रिकामे ठेवतात. शिवाय एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोललीच पाहिजे. घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे अमेरिकेत १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. खचलेल्या माणसाच्या मनातला तो क्षण पुष्कळदा टळून जाणारा असतो. हाताशी काय आहे यावर तो टळतो की नाही हे ठरते. फवारणीचे औषध कुलपात ठेवा असे आपण शेतकरी घरांना सांगतो, ते याच कारणासाठी.

आता 'स्वस्त' या गोष्टीचा हिशेब पुरा करू. पॉइंट २२ असो वा ३२ बोअर, परवान्याची वाट एकच. शहापूर-मुरबाड पोलीस आयुक्तालयात येत नाहीत, म्हणून अर्ज ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग ठाणे ग्रामीण पोलिसांची चौकशी, गावात विचारपूस, तुमच्यावरचे गुन्हे, तुमच्या वादांची नोंद. २०१६ च्या नियमांनुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला फार तर दोन शस्त्रे ठेवता येतात. हे घेतले की त्यातली एक जागा गेली. पाच वर्षांनी नूतनीकरण. लग्नावरातीत हौसेने बार काढला आणि इतरांचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद अशी निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे. ज्या काळात गावात वातावरण तापते, नेमक्या त्याच काळात तुमचे संरक्षण ठाण्याच्या कपाटात असते. आणि सरावाचे काय? शेताच्या बांधावर बार काढता येत नाही, रेंज लागते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कसाऱ्याच्या माणसाने लोकलने तिथे जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडला. पस्तीस हजारांच्या मागे ही सगळी रांग उभी आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा गावठी कट्टा बरा. त्याला माझे उत्तर एका वाक्यात : विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, आणि कट्टा पुष्कळदा धरणाऱ्याच्याच हातात फुटतो.

खरे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेले बरे. नुसते दाखवले तरी चोर पळेल. पळेलही. पण दाखवलेले शस्त्र चालवायची तयारी नसेल तर ते समोरच्याच्या हातात जाते. आणि मोठी घरफोडी बऱ्याचदा पाळत ठेवून होते. घरात रिव्हॉल्व्हर आहे ही बातमी गावात लपत नाही. मग तुम्ही घरी नसताना चोरीला जाणारी पहिली वस्तू तीच ठरते, आणि पुढे तिच्याने जे घडेल त्याची चौकशी तुमच्या दारापासून सुरू होते.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या संदर्भातला. हलके, धक्का न देणारे रिव्हॉल्व्हर एकट्या राहणाऱ्या बाईला बळ देईल असे म्हटले जाते. 'निर्भीक' नाव त्याच भावनेतून आले. भावना प्रामाणिक आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात : बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन दिलेला. त्याच्यासमोर पर्समधले रिव्हॉल्व्हर निघत नाही. तिथे कामाला येते ती तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे, पाठीशी उभे राहणारे घर आणि एसटीच्या शेवटच्या गाडीपर्यंत उजेड असलेला थांबा.

मग कोणी शस्त्र घेऊच नये का? तसे मी म्हणत नाही. ज्याला नाव-गावासह धमक्या आल्या आहेत, ज्याची पोलिसांत नोंद आहे, ज्याच्या धंद्यात रोज मोठी रोकड हाताळावी लागते, त्याने जरूर अर्ज करावा. पण अशा माणसाने पॉइंट २२ वर भागवू नये. ज्याचा धोका खरा आहे त्याला सक्षम शस्त्र हवे, टोपीवाले काडतूस हवे आणि नियमित सराव हवा. आणि ज्याचा धोका तेवढा नाही, त्याला कोणत्याच रिव्हॉल्व्हरची गरज नाही. स्वस्त रिमफायर रिव्हॉल्व्हर या दोघांच्या मधल्या माणसासाठी विकले जाते, आणि असा मधला माणूस मला शोधूनही सापडत नाही. त्याला हवे असते ते शस्त्र नव्हे, निर्धास्तपणा. तो निर्धास्तपणा या वस्तूत नाही.

पॉइंट २२ वर मी अन्याय करू इच्छित नाही. महाराष्ट्राला या काडतुसाने जे दिले ते थोर आहे. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली ती याच काडतुसावर. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतले ते याच काडतुसावर. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसावर. तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. तिथल्या मातीत काही जादू नव्हती. तिथे प्रशिक्षक होते, रेंज होती आणि पोरांना लवकर शिकवण्याची रीत होती. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत नजर आणि स्थैर्य असलेली पोरे कमी नाहीत. शिवाय २० जुलांच्या आतल्या, पॉइंट १७७ च्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. दहा मीटरची एअर रायफल रेंज तालुक्याच्या ठिकाणी एका मोठ्या खोलीत उभी राहते. ज्याला शस्त्राची खरोखर आवड आहे आणि हाती पैसा आहे, त्याने ती उभारायला हात लावावा. पुढे क्लबचा सभासद होऊन पॉइंट २२ ची रायफल कायद्याने घ्यावी. त्या मार्गाने शस्त्राचा आदरही टिकतो आणि हौसही फिटते.

घराच्या रक्षणासाठी ठेवलेले पैसे दारे-खिडक्यांच्या गजांवर, अंगणातल्या सौरदिव्यावर, दोन चांगल्या कुत्र्यांवर आणि गावच्या ग्रामसुरक्षा दलावर खर्च करावेत. शेतासाठी ठेवलेले कुंपणावर, आणि ते एकट्याच्या नव्हे तर चार शेतकऱ्यांच्या सामाईक कुंपणावर. नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला नाही तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन बसावे. शहापूर आणि मुरबाड मुंबई-ठाण्याला पाणी, दूध आणि मनुष्यबळ पुरवतात. त्या बदल्यात दुर्गम पाड्यावर वेळेत पोहोचणारी पोलिसांची गाडी मागणे हा आपला हक्क आहे. प्रत्येकाने आपापले रिव्हॉल्व्हर घेतले तर ही मागणी करायला कोणी उरणार नाही. ज्याच्याकडे पस्तीस-चाळीस हजार नाहीत, त्या कातकरी-ठाकर पाड्याचे संरक्षण मग कोण मागणार? माझ्या नकाराचे शेवटचे आणि सगळ्यांत मोठे कारण हेच आहे. सुरक्षितता ऐपतीप्रमाणे दुकानातून घरी न्यायची वस्तू झाली, तर ती गावाच्या मालकीची राहत नाही. आणि पाड्यावर राहणाऱ्या माणसाला एकट्याच्या सुरक्षिततेने कधीच तारलेले नाही.